चाचींच्या हातच्या गोळ्या

काल भाजीला बाहेर पडले तर निजामपुऱ्याच्या नाक्यावर खजुराच्या गाड्या लागलेल्या. काळे, तांबूस, मधासारखे पिवळट ढीग, त्यांच्यावर ओलं फडकं आणि फडक्यावर माश्या. रमजान आठवड्यावर आला. गाडीवाला म्हणाला, "चखके देखो, आपा," आणि त्याने एक खजूर माझ्यापुढे धरला. मी तो घेतला, पण तोंडात टाकला नाही. तसाच मुठीत धरून घरी आले, ओट्यावर ठेवला आणि भाजी निवडायची सोडून कितीतरी वेळ बसून राहिले.

या दिवसांत आमच्या भिवंडीला एक वेगळाच वास असतो. सकाळी आंब्याच्या मोहोराचा, दुपारी तापलेल्या पत्र्यांचा आणि कारखान्यांतून उडणाऱ्या सुताच्या बारीक धुळीचा, संध्याकाळी तळणाचा. थंडी गेलेली असते, पण पंखा लावावा की नाही ते ठरत नाही. पोरं परीक्षेच्या घाईत, बाजार सणाच्या घाईत. मला मात्र हे दिवस औषधांच्या यादीचे वाटतात. तीन वर्षांपूर्वीचा तो एक महिना डोक्यातून काही केल्या जात नाही.

मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. सगळी नोकरी शाळेच्या ऑफिसात कारकुनीत गेली. अक्षर बरं आणि वेळ भरपूर, एवढ्या भांडवलावर मी जवळच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात जाऊ लागले. तिथे दर गुरुवारी दुपारी भोईर मॅडम बसायच्या. त्या फार्मासिस्ट. राहनाळला त्यांचं स्वतःचं मेडिकल होतं, पण गुरुवारची दुपार त्यांनी म्हाताऱ्या माणसांसाठी राखून ठेवली होती. एक डॉक्टर एक औषध लिहितो, दुसरा दुसरं, तिसरं शेजारीण सुचवते. ते सगळं एकाच पोटात जातं, आणि तिथे त्याचं आपसात काय होतं ते कुणी बघत नाही. भोईर मॅडम ते बघायच्या. एकच गोळी दोन नावांनी चालू आहे का, एकीचं दुसरीशी पटतंय का, एखादी आता बंद करा म्हणून डॉक्टरांना कळवायला हवं का. रमजानच्या आधी त्यांच्याकडे गर्दी वाढायची. दिवसभर पोट रिकामं राहणार म्हटल्यावर शुगरच्या, प्रेशरच्या गोळ्यांच्या वेळा बदलाव्या लागतात. काहींना तर डॉक्टर रोजाच धरू नका म्हणतात.

पण माणसं हात हलवत यायची. "कोणत्या गोळ्या घेता?" म्हटलं की, "ती पांढरी, बारीक." सगळ्याच पांढऱ्या, सगळ्याच बारीक. म्हणून मॅडमनी मला कामाला लावलं. गुरुवारच्या आधी घरोघर जायचं, घरात असतील नसतील तेवढी औषधं बाहेर काढायची, मोठ्या अक्षरात यादी करायची. कोणती, कधी, कुणी दिली, कशासाठी, किती उरल्या. शेवटचा रकाना होता 'तुम्हाला काय विचारायचं आहे'. तो मॅडमना सगळ्यात महत्त्वाचा वाटायचा.

"परीक्षा घ्यायला जाऊ नका," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "गोळ्या वेळेवर घेता का असं विचारलंत तर सगळे हो म्हणणार. काल सकाळी काय घेतलंत, एवढंच विचारा."

गोळ्या कुठे कुठे राहतात ते मी त्या महिन्यात पाहिलं. फ्रिजच्या दारात अंड्यांच्या खाचांत. मुंग्या लागू नयेत म्हणून तांदळात. लग्नात मिळालेल्या मण्यांच्या पर्समध्ये. एका आजोबांनी सगळ्या पट्ट्या सोडवून एकाच बाटलीत भरल्या होत्या, का तर शेवटी एकाच ठिकाणी जायच्या आहेत. खाडीकडच्या एका काकू वारलेल्या नवऱ्याच्या गोळ्या रोज एक याप्रमाणे घेत होत्या. "चांगल्या मोठ्या डाक्टरच्या हायत," त्या म्हणाल्या, "तो गेला म्हनून टाकाच्या कशा?" यादीत 'कशासाठी' या रकान्यात काय लिहावं ते मला सुचेना. मग 'नवऱ्याच्या' एवढंच लिहिलं.

अशी सहा-सात घरं करून मी याकूबचाचांकडे गेले.

याकूबचाचा आणि सफियाचाची हे निजामपुऱ्यातलं जुनं कोकणी कुटुंब. गल्लीत समोरासमोर कारखाने, मध्ये यांचं एकमजली घर. चाचांनी उभी हयात कापड विणायचे लूम दुरुस्त करण्यात घालवली होती. त्या खडखडाटात कान गेले ते गेलेच. आता त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. पण कारखान्यातली माणसं तसंही एकमेकांचे ओठ बघूनच बोलतात, त्यामुळे समोर उभं राहून सावकाश बोललं की चाचांना सगळं कळायचं. स्वतः मात्र ते लूम चालू असल्यासारखेच बोलायचे, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं.

चाची मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. घरातली कागदपत्रं, लाइटबिलं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या सगळं त्यांच्याकडे. मुलगी रेहाना कल्याणला दिलेली, घरात ही दोघंच. चाचींनी ओढणी सारखी केली आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्यापुढे आणून ठेवला. आत दोघांच्या पट्ट्या वेगळ्या, वर रबर लावलेलं, सोबत एक वही. वहीत निळ्या शाईने तारखा आणि वेळा. मला इतका आनंद झाला की काय सांगू! इतकी घरं पालथी घातल्यावर शेवटी माझ्यासारखंच कुणीतरी भेटलं होतं.

"वीस वर्षं झाली यांना शुगर होऊन," चाची म्हणाल्या. "एकही गोळी यांनी स्वतःच्या हाताने घेतलेली नाही. विचारा."

चाचांनी ओठ वाचले आणि हसून मान हलवली. "हां. मी फकत तोंड उघडतो."

मी वही उतरवून घेतली, पट्ट्या मोजल्या. चाचांच्या शुगरच्या तीस गोळ्या दहा दिवसांपूर्वी आणलेल्या, रोज एक. वीस उरायला हव्या होत्या. उरल्या होत्या नऊ. चाचींच्या प्रेशरच्या तीसपैकी अठ्ठावीस तशाच. मी पुन्हा मोजलं. दोन्ही गोळ्या पांढऱ्या, बारीक.

"चाची, यातल्या काही दुसरीकडे काढून ठेवल्यात का?"

"नाही. का?"

"थोड्या कमी वाटतात."

"माझ्या हिशेबात चूक नसते, बाई," त्या म्हणाल्या. आवाज तसाच सौम्य, पण त्यांनी डबा स्वतःकडे ओढून घेतला. मग एकदम आठवल्यासारखं करून विचारलं, "चहा घेणार ना?"

चहाचा अर्धा कप माझ्या हातात होता. तो त्यांनीच दिला होता. मी काही बोलायच्या आत त्या आत गेल्या आणि गॅस पेटवल्याचा आवाज आला. मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी ताबडतोब नजर खाली वळवली.

दुसरा चहा मी प्यायले. निघताना चाचींनी चहाचं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा चाचा उठले, चपला घातल्या आणि मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला निघाले. पण बाहेर पडताच ते वळले. गल्ली ओलांडून सरळ समोरच्या कारखान्याच्या दारात जाऊन उभे राहिले. आत वीस-बावीस लूम चालू होते. पायाखालची जमीन थरथरत होती. त्यांना हळू बोलता येत नव्हतं, म्हणून गुपित सांगायला त्यांनी ही जागा निवडली होती. माझ्या कानाशी येऊन ते ओरडले,

"ती इसरते."

मी मान हलवली.

"साल झालं. गोळी देते, परत देते. कधी तिची मला देते."

मी त्यांच्यासमोर जाऊन ओठ हलवत विचारलं, "मग तुम्ही घेता कशाला?"

चाचांनी कुर्त्याच्या खिशात हात घातला आणि चार-पाच गोळ्या काढून दाखवल्या. त्यांना सुताची धूळ चिकटली होती. "ध्यानात आलं तर अशी ठेवतो. पन ती समोर उभी ऱ्हाते, पानी घेऊन. तवा गिळतो." जरा थांबून म्हणाले, "एकदा बोललो तिला, का ही दुसऱ्यांदा देतेस. तर बसली डबा घेऊन. मोजत बसली. मग रडली. आन दुसऱ्या दिवशी परत दोनदा दिली. मग बोलाचं सोडलं मी."

"आणि त्या स्वतः काय घेतात?"

"तिचं मला कसं समजनार?" ते म्हणाले. त्यांना दोनदा घेरी आली होती, एकदा मशिदीत वजू करताना, नमाजाआधी हातपाय धुताना. ते त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. मुलीलाही नाही. "पोरीला समजलं तर ती अम्मीला घेऊन जाईल. दोघांना ठेवाला तिच्याकडं जागा न्हाय. बेटी, यादीत ह्ये लिहू नकोस. ती यादी सफियाच वाचनार हाय."

ते खरं होतं. यादी ज्याची त्याच्या घरी राहायची, आणि त्या घरात वाचणाऱ्या चाचीच होत्या.

घरी येऊन मी यादी पक्की केली. किती उरल्या, ते आकडे खरे लिहिले. त्यापुढे काहीच लिहिलं नाही. 'तुम्हाला काय विचारायचं आहे' हा रकाना मोकळा ठेवला. तेव्हा मला वाटलं होतं की मी मधला मार्ग काढला. आता वाटतं, मला जे बोलायला भीती वाटत होती ते मी आकड्यांवर ढकललं. नोकरीभर तेच करत आले होते. कुणाचं पोर दोन महिने शाळेत आलं नाही तर हजेरीपटात रेघा ओढायच्या, का आलं नाही ते बघणं दुसऱ्या कुणाचं तरी काम.

गुरुवारी दोघं आली. चाचींनी नवा बुरखा घातला होता, काखोटीला वही. चाचा दोन पावलं मागे. भोईर मॅडमनी यादी वाचली आणि त्यांचं बोट 'उरल्या' या रकान्यावर थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"चाची," मॅडमनी विचारलं, "काल सकाळी चाचांनी काय घेतलं?"

"मीच देते ना त्यांना."

"हो. काल काय दिलं?"

चाचींनी वही उघडली. पानं उलटली, परत मागे गेल्या. शेवटच्या पानावर कालचीच तारीख तीनदा लिहिलेली मला माझ्या जागेवरून दिसत होती. त्यांचं बोट एका तारखेवरून दुसरीवर जाऊन तिथेच घुटमळायला लागलं. बाहेर नंबर लावून बसलेल्या बायका बोलत होत्या. मग चाचींनी मान वर केली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, तुम्ही आमच्या घरी बसून लिहिलंत ना सगळं? तुम्ही सांगा यांना."

मी सांगितलं. काय करणार? तीस होत्या, वीस उरायला हव्यात, नऊ आहेत. तीस होत्या, अठ्ठावीस तशाच आहेत. शाळेत निकाल वाचून दाखवावा तसं.

"म्हणजे मी..." चाची म्हणाल्या आणि थांबल्या.

चाचा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते दोन शब्द त्यांनी वाचले आणि दवाखाना दणाणून जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी खातो चोरून! मिठाई खातो आन वरनं एक गोळी जास्त घेतो. तिचा काय कसूर न्हाय. मीच डबा उघडतो."

चाची वळल्या. नवऱ्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग कपाळाला हात लावून मॅडमना म्हणाल्या, "बघितलंत? या वयात मिठाई! मी म्हणत होते, माझा हिशेब चुकत नाही." त्यांना खरंच पटलं होतं की त्यांनी पटवून घेतलं, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही.

भोईर मॅडमच्या सगळं ध्यानात आलं. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. शुगरची गोळी कमी केली, यंदा चाचांनी रोजे धरायचे नाहीत असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. आठवड्याच्या गोळ्या दिवसवार पुड्यांत बांधून मॅडमच्या मेडिकलमधून येतील, डब्यातल्या जुन्या पट्ट्या मी घेऊन जायच्या. चाचींना विसरण्याच्या आजाराच्या डॉक्टरांना दाखवा, अशी चिठ्ठी मॅडमनी माझ्याजवळ दिली. मी ती चाचांच्या हातात ठेवली. ती त्यांनी घडी करून कुर्त्याच्या खिशात टाकली.

"घरच्यांना सांगायला हवं," मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या. मी हो म्हटलं. रेहानाचा नंबर चाचींच्या वहीच्या पहिल्या पानावर होता, मी तो उतरवूनही घेतला होता. दोन-तीनदा फोन हातात घेतला. दर वेळी कारखान्याच्या दारातलं चाचांचं तोंड डोळ्यांपुढे यायचं. उद्या करू म्हणत ते दिवस गेले.

आता माझ्या स्वतःच्या दोन गोळ्या चालू झाल्या आहेत, एक प्रेशरची, एक थायरॉइडची. सकाळी उठून मीच घेते, पाणी मीच ओतून घेते. कधी कधी हातात पट्टी धरून मीच विचारते, आज घेतली का ग? उत्तर द्यायला कुणी नसतं. मग पट्टी मोजते. आणि दर वेळी चाची आठवतात, दवाखान्यात वहीवर बोट फिरवणाऱ्या. चुकलेला आकडा सापडत नाही तेव्हा माणूस तीच बेरीज किती वेळा करतो, ते मला कारकुनीत कळलं होतं. पण माझे आकडे कागदावरचे होते.

रमजान सुरू झाला. गल्लीत दुपारी सामसूम आणि संध्याकाळी झुंबड. मी आठवड्याची पुडी घेऊन जायची. पहिल्या आठवड्यात गेले तेव्हा पुड्या तशाच बांधलेल्या आणि बिस्किटांच्या डब्यात नव्या पट्ट्या! चाचींनी जुन्या चिठ्ठीवर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून परत सगळं आणलं होतं. "डबा रिकामा झाला होता," त्या म्हणाल्या, "म्हटलं संपल्या वाटतं." मी त्या पट्ट्या पिशवीत भरल्या. आपल्या घरात आपल्यादेखत कुणी डबा उचलतंय, अशा नजरेने त्या बघत राहिल्या. पुढच्या वेळी परत तेच.

आणि रोजा. चाचांनी पहिल्या दिवशी चाचींना सांगितलं, डॉक्टरने मना केलंय. चाची घाबरल्या, "तुम्हाला काय झालंय? मला का नाही सांगितलं?" रडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी चाचांना भाकरी खाताना पाहिलं आणि पुन्हा तेच, पहिल्यांदा कळल्यासारखं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवसापासून चाचांनी खायचं सोडलं. हे मला नंतर कळलं. रोज एकदा तिला ती खबर देण्यापेक्षा उपाशी राहणं त्यांना सोपं वाटलं. आजाऱ्याला माफी आहे हे त्यांना मशिदीत सांगितलेलं होतं, त्यांनाही माहीत होतं. पण घरात रोज दुपारी जे व्हायचं त्याला माफी कुठून आणणार?

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी चाचा समोरच्या कारखान्याच्या पायरीवर कोसळले. लूमवरच्या कामगारांनी त्यांना उचलून आमच्या दवाखान्यात आणलं. अंग घामाने थबथबलेलं, डोळे फिरलेले. शुगर पार उतरली होती. डॉक्टरांनी सुई लावली आणि मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. मी चाचींना घेऊन मागोमाग निघाले. रिक्षात त्या माझ्या शेजारी होत्या. दर थोड्या वेळाने विचारत होत्या, "यांना काय झालं, बाई?" मी दर वेळी सांगत होते. चाचा तीन दिवस रोज काय करत आले होते ते मला त्या रिक्षात कळलं. चौथ्यांदा मी काहीच बोलले नाही.

हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून मी रेहानाला फोन केला. सगळं सांगितलं.

"तुम्हाला कधी कळलं हे?" तिने विचारलं.

"महिना होत आला."

"आणि मला आज सांगताय, बाई?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

चाचा वाचले. ईद झाली आणि रेहाना येऊन अम्मीला कल्याणला घेऊन गेली. तिच्या दोन खोल्यांत आधीच सासरे अंथरुणावर होते. एक माणूस कसंबसं मावणार होतं, दोन नाही. तिच्या जागी मी असते तर दुसरं काय केलं असतं? चाची निघाल्या त्या सकाळी त्यांना वाटत होतं चार दिवसांसाठी चाललोय. रिक्षात बसताना शेजारणीला म्हणाल्या, "यांच्या गोळ्यांकडे लक्ष ठेव." चाचा रिक्षाच्या दुसऱ्या बाजूला उभे होते. त्यांना ते दिसलं नाही.

मी अनेकदा हे मनात उलटंपालटं करून पाहिलं आहे. पहिल्याच दिवशी रेहानाला सांगितलं असतं, तर चाचा पडले नसते, आणि त्या दोघांचा तो शेवटचा महिनाही एकत्र गेला नसता. नाही सांगितलं, तर हे असं झालं. भोईर मॅडमना एकदा बोलून दाखवलं. त्या शेल्फावरच्या खोक्यांवरची धूळ पुसत होत्या. म्हणाल्या, "तुमच्या यादीमुळे मला कळलं तरी. पण कळून मी काय केलं? पुड्या बांधल्या." आणि पुसत राहिल्या. त्यानंतर मी यादीचं काम फार दिवस केलं नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा दुखतो, ते खोटं नाही.

चाचांकडे मात्र जात राहिले. ते पुड्यांतल्या गोळ्या वेळच्या वेळी घेत. मोजून पाहिलं तर एकही इकडची तिकडे नसे. शुगर जागेवर आली, वजन जरा वाढलं. भोईर मॅडमच्या कागदांत त्यांच्यासारखा पेशंट दुसरा नव्हता. चाचा दर शुक्रवारी नमाज झाली की शेअर रिक्षाने कल्याणला जात, तासभर बसून परत येत.

ऑक्टोबरात एका शुक्रवारी ते माझ्याच दारात येऊन उभे राहिले.

"बेटी, येतेस काय कल्याणला? ती काय बोलते ते मला दिसत न्हाय आता. ओठ हलवीत न्हाय नीट. तू मला सांग."

गेलो आम्ही. कल्याणच्या अलीकडे, दुर्गाडीच्या पुलावर ऊन नुसतं भाजत होतं. चाचांनी डोक्यावर रुमाल टाकला होता. रेहानाने दार उघडलं, माझ्याशी दोन शब्द बोलली, पाणी दिलं. चाची खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. खूप बारीक झाल्या होत्या, पण केस नीट विंचरलेले, ओढणी सारखी केलेली. आम्हाला पाहून त्यांनी अदबीने मान लववली, पाहुण्यांना करतात तशी. चाचा समोर स्टुलावर बसले. मी मध्ये.

चाची पुटपुटत बोलत होत्या, हनुवटी छातीला लावून. मी वाकून ऐकायचं, मग चाचांकडे तोंड करून तेच शब्द सावकाश म्हणायचे, असं चाललं होतं. ऊन फार आहे. हो, फार आहे. लांबून आलात का? हो, भिवंडीहून. भिवंडी मला माहीत आहे, चाची म्हणाल्या, माझी शाळा तिकडे होती.

मग त्यांनी चाचांकडे नीट निरखून पाहिलं आणि काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं. चाचा माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते. काही वेगळंच सांगावं असं मनात आलं. पण त्यांनी मला त्यासाठी आणलं नव्हतं.

"त्या विचारतात," मी म्हटलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

चाचांचा चेहरा हलला नाही. त्यांनी घसा खाकरला आणि, त्यांना जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणाले, "बायको हाय."

चाचींना बरं वाटलेलं दिसलं. त्यांनी मान हलवली, चाचांच्या कपाळावरच्या घामाकडे पाहिलं आणि जरा रागावल्यासारख्या माझ्याशी बोलल्या. मी चाचांकडे वळले.

"म्हणतात, तिला सांगा, या वयात माणसाला असं एकटं उन्हातून पाठवत जाऊ नये."

"सांगतो," चाचा म्हणाले.